बदलून बघू...

जानेवारीतली गोष्ट. शिरूरहून दौंडला चाललो होतो, शेजारी बाबा. न्हावऱ्याच्या पुढे ट्रॅक्टर आणि त्यामागे उसाच्या दोन ट्रॉल्या. रस्ता मोकळा बघून तिसरा गिअर टाकला, पाय दाबला आणि ओव्हरटेक अर्ध्यावर असताना गाडीने मिसिंग मारलं. धक् धक् धक्. पिकअप गायब. समोरून एसटी! कसाबसा ब्रेक मारून परत ट्रॉलीच्या मागे आलो. पारगावचा पूल येईपर्यंत दोघंही गप्प. मग बाबा एवढंच म्हणाले, "दुरुस्त करून आणली होतीस ना?"

आणली होती. तीनदा. पुण्यातल्या एका चकचकीत गॅरेजातून. पहिल्यांदा नवे प्लग, दुसऱ्यांदा इंजेक्टर साफ, तिसऱ्यांदा पेट्रोल पंपच नवा. एकूण बिल रु. २७,०००. आणि दर वेळी वाक्य तेच, "बदलून बघू, सर."

आज मला या 'बदलून बघू'शी भांडायचंय.

गाडी पुंटो अबार्थ, सेकंडहँड. म्हणजे रांजणगावात, शिरूर तालुक्यातच जन्मलेली. २०१५ साली आली तेव्हा १३६८ सीसीच्या इंजिनातून १४५ अश्वशक्ती मिळायची. मला त्या पुरेनात म्हणून रीमॅप करून टर्बोचा बूस्ट वाढवून घेतला. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं.

दौंडला पोचल्यावर मामेभावाने स्टेशनजवळच्या एका मेकॅनिककडे नेलं. पत्र्याची शेड, एक जुना स्कॅनर. त्यांनी बॉनेटला हात लावायच्या आधी विचारलं, "कवा मारती मिसिंग? उभ्या गाडीला का लोडवर? गार असताना का तापल्यावर?" मग माझ्याकडे बघून, "आणि गाडीला काय काय करून घेतलंय, ते खरं सांगा."

हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. आणि खरं सांगायचं तर मीही लपवलं होतं. ऑफिसात कुणी लॉग न देता 'कधी कधी चालत नाही' असा बग टाकला की मी तो चिडून परत पाठवतो. इथे मी स्वतः तेच केलं होतं!

स्कॅनरवर कोड होता पी ०३०२. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे दोन नंबर. त्यांनी दोन नंबरची कॉइल काढून तीनवर लावली, तीनची दोनवर. बाकी कशालाही हात नाही. कोड पुसला आणि कुरकुंभच्या रस्त्याला चौथ्या गिअरमध्ये गाडी खेचायला लावली. दहा मिनिटांत मिसिंग. या वेळी कोड, पी ०३०३. दोष कॉइलबरोबर चालत तीनवर गेला होता. संपला विषय.

कॉइलच्या रबरी नळीवर केसासारखी काळी रेघ होती. बूस्ट वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि दाब जास्त तितकं ठिणगीला प्लगची गॅप ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. त्या व्होल्टेजला गॅपपेक्षा रबरातली चीर सोपी वाटते आणि वीज तिथूनच पळते. आयडलला दाब कमी, म्हणून गॅरेजात गाडी शहाण्यासारखी उभी. थोडक्यात, टेस्टिंगला न दिसणारा आणि प्रॉडक्शनच्या लोडवर फुटणारा बग! तसंच चालवत राहिलो असतो तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळलं असतं आणि तोही गेला असता.

कुणी म्हणेल, त्यांनीही बदलूनच बघितलं की! नाही. त्यांनी अदलाबदल केली, आणि ती करण्याआधी कुठलं उत्तर आलं तर काय समजायचं हे ठरवलं होतं. गॅरेजवाल्यांनी चिठ्ठ्या टाकल्या, त्याही माझ्या पैशाने.

पण सगळं पाप गॅरेजच्या माथी मारता येणार नाही. नवी कॉइल पुण्याहून मागवली, ती बसवून आणि प्लगची गॅप जरा कमी करून त्यांनी मजुरी सांगितली, रु. ५००. आणि माझ्या मनात काय आलं? 'एवढ्याशा कामाचे पाचशे?' पंपाच्या बिलावर मी निमूट सही केली होती, कारण हातात एक खोकं मिळालं होतं. विचार करण्याचं खोकं मिळत नाही. मग गॅरेजवाला कशाला डोकं चालवेल? तो पार्टच विकणार. आणि हे कुणाला सुचावं? दर महिन्याला क्लायंटला डोकं चालवल्याच्या तासांचं बिल लावणाऱ्या माणसाला!

पाचशे दिले, घासाघीस न करता. यापुढे गॅरेजात गेलो की आधी विचारणार, "का बदलायचं?" आणि शोधायला लागलेल्या तासाचे पैसे वेगळे देणार. तुम्हीही द्या.

असो. बाबा परत गाडीत बसलेत. पण समोर ट्रॉली दिसली की अजून डॅशबोर्ड धरतात.