जमीन स्वतःची, भांडवल परक्याचें

मेक्सिको देश बाभुळगांवापासून हजारों कोस दूर. तेथील कापसाशीं आमचा काय संबंध, असें येथील व्यापारीमंडळी विचारतील. संबंध आहे, व तो फार जवळचा आहे. 1936 सालीं अध्यक्ष कार्देनास यांनीं ला लागुना या कापूसप्रांतांतील बड्या जमीनदारांच्या जमिनी शेतमजुरांस वांटून दिल्या. जमीन मिळाली, परंतु कर्जाच्या नाड्या सरकारी पेढीच्या हातीं राहिल्या, आणि कालचा मजूर पेढीचा मिंधा झाला.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत सातबारा शेतकऱ्याच्याच नांवाचा आहे. तरी मिंधेपणा तोच! 2008 च्या कर्जमाफींत संपूर्ण माफीस दोन हेक्टरांची मर्यादा घातली गेली. कोरडवाहू आठ एकर आणि पाटाच्या पाण्याचे आठ एकर कायद्यास सारखेच, पिकास मात्र नव्हेत. एवढी साधी गोष्ट कलम लिहिणारांस सुचूं नये, याची आम्हां वकिलांस तरी लाज वाटते. शिवाय ती माफी बँका व सोसायट्यांच्या कर्जापुरती; सावकाराचा कागद व कृषिकेंद्राची उधारी जागच्या जागीं राहिली. सावकारीस आळा घालणारा कायदा 2014 सालीं झाला खरा. पण पुढच्या पेरणीस ज्याच्या दारीं जावयाचें, त्याजवर फिर्याद कोण करील?

येथील अडत्यांनीं व कृषिकेंद्रवाल्यांनीं उधारीवरील व्याजाचा दर पावतीवर स्पष्ट लिहावा, आणि सोसायट्यांनीं पीककर्ज मृगापूर्वीं शेतकऱ्याच्या हातीं द्यावें, एवढीच आमची तूर्त मागणी आहे.