आधी कोणते दार उघडावे?

साथ आली म्हणजे काय बंद करावे याची चर्चा घरोघर होते. परंतु साथ ओसरू लागली म्हणजे काय, केव्हा व कोणासाठी प्रथम उघडावे याची चर्चा फारशी होत नाही. बंद करण्यास एक हुकूम पुरतो. दाराला कुलूप, नाक्यावर पोलीस आणि वर्तमानपत्रात चार ओळी, एवढ्यावर ते काम भागते. उघडण्याचे तसे नाही. त्यास विचार लागतो, माणसे लागतात, पैसा लागतो आणि चुकल्यास पुन्हा मिटण्याचा मनाचा मोठेपणा लागतो. आमच्या सुरतेने हा प्रसंग तीस वर्षांच्या आत दोन वेळा अनुभवला, १९९४ साली प्लेगच्या वेळी आणि २०२० साली करोनाच्या वेळी. त्यावरून आमचे जे मत बनले आहे, ते वडीलधाऱ्या वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

१९९४ सालचा प्लेग आम्ही पाहिलेला नाही. तो आम्ही घरातील मोठ्यांच्या तोंडून ऐकला. त्या पावसाळ्यात तापीला पूर आला, सखल वस्त्यांत पाणी शिरले आणि ओसरताना चिखल, घाण व मेलेली जनावरे मागे ठेवून गेले. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वेड रोडच्या भागात चांगली धडधाकट माणसे ताप-खोकल्याने एकाएकी दगावू लागली आणि ‘प्लेग’ हा शब्द एका रात्रीत शहरभर झाला. त्याच सुमारास महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले होते. त्यामुळे बातमीवर विश्वास बसण्यास वेळ लागला नाही. मृतांची संख्या शंभराच्या आतच राहिली. परंतु थोड्या दिवसांत काही लाख माणसे शहर सोडून गेली, आणि १९९१ च्या जनगणनेप्रमाणे सुरतेची वस्ती जेमतेम १५ लाखांची होती! भुसावळकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवण्यास जागा नव्हती, असे आमचे आजोबा सांगत. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या. अनेक खाजगी दवाखान्यांना कुलपे लागली. तो खरोखर प्लेगच होता की काय याविषयी पुढे तज्ज्ञांत वाद झाला. तो त्यांनी खुशाल घालावा. पळणाऱ्याच्या पायांना त्या वादाशी काही कर्तव्य नव्हते.

काही आठवड्यांनी लोक परतले. दुकाने उघडली, यंत्रमाग सुरू झाले, शाळांच्या घंटा वाजू लागल्या. शहर उघडले खरे, पण होते तसेच उघडले. तीच तुंबलेली गटारे, तेच उकिरडे, त्याच पाणी साठणाऱ्या गल्ल्या. आमच्या मते सुरत १९९४ च्या हिवाळ्यात उघडलीच नाही. ती खऱ्या अर्थाने उघडली मे १९९५ नंतर, श्री. एस. आर. राव हे महानगरपालिकेचे आयुक्त म्हणून आल्यावर. त्यांनी शहराचे सहा विभाग करून प्रत्येकावर आयुक्ताचे अधिकार असलेला अधिकारी नेमला, खर्चाच्या मंजुरीसाठी मुख्य कचेरीकडे डोळे लावून बसण्याची पद्धत मोडली, आणि सकाळच्या वेळी अधिकाऱ्यांनी खुर्ची सोडून रस्त्यावर असले पाहिजे असा दंडक घातला. कचरा रस्त्यावर टाकणाऱ्यास दंड झाला. बेकायदा बांधकामे पाडताना धनिकांची गय झाली नाही. झोपडवस्त्यांत फरसबंदी, नळ व शौचालये गेली. तापाच्या रुग्णांची रोजच्या रोज नोंद घेण्याची शिस्त लागली. ज्या शहराचे नाव ऐकून लोक नाकाला रुमाल लावीत, त्याच शहराला ‘इन्टॅक’ या संस्थेने १९९६ साली चंदीगडच्या खालोखाल देशातील दुसरे स्वच्छ शहर ठरविले. रोग गेला म्हणजे दार उघडावयाचे हा एक प्रकार. रोगाला वाट देणारी भिंत दुरुस्त करून मग दार उघडावयाचे हा दुसरा. सुरतेने दुसरा प्रकार केला, पण तोही संकट टळून सहा-सात महिने गेल्यावर.

आता २०२० कडे वळू. हे मात्र आम्ही पाहिले. आमच्यापैकी बरेच जण त्या वेळी प्राथमिक शाळेत होते. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागली. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी पुष्कळांचे मूळ गाव खानदेशात. कोणी मागावर, कोणी रंगाईच्या गिरणीत, कोणी रिंग रोडवरील कापड बाजारात कामाला. घरी आया-मावश्या साड्यांना टिकल्या व लेस लावणार. एका दिवसात हे सर्व थांबले. एका खोलीत सहा माणसे आणि भिंतीपलीकडे तशीच दुसरी खोली. तेथे ‘अंतर राखा’ ही सूचना ऐकून हसावे की रडावे हे कळत नसे. पुष्कळांनी गावचा रस्ता धरला. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात व अर्धा गुजरातेत आहे, हे आम्हांस भूगोलातील एक गंमत म्हणून ठाऊक होते. त्या वर्षी ती सीमा काय असते ते कळले. पुढे १ एप्रिल २०२१ पासून गुजरातेत येणाऱ्या प्रत्येकास तपासणीचा दाखला सक्तीचा झाला, तेव्हा गावी लग्नाला वा मयतीला गेलेला माणूस परतताना खिशातील तिकिटापेक्षा त्या कागदाचीच अधिक चिंता करू लागला.

या काळात महानगरपालिकेची जी कामे क्षणभरही बंद पडली नाहीत, त्यांचा उल्लेख प्रथम केला पाहिजे. नळाला पाणी येत राहिले. कचऱ्याची गाडी येत राहिली. सफाई कामगार, आरोग्यसेविका, अश्विनीकुमारच्या स्मशानात रात्रंदिवस उभे असणारे लोक, यांना ‘घरी बसा’ असे कोणी म्हटले नाही. १९९४ साली शहर रिकामे होत असतानाही झाडू हातात धरून मागे राहिले ते हेच लोक. त्यांचे आभार मानून लेखणी पुढे नेणे फार सोपे आहे. त्यांच्या हातमोज्यांची, चपला-बुटांची व कायम नेमणुकीची चौकशी करणे अवघड. असो.

आमचा मुद्दा बंद केलेल्या सेवांविषयी आहे. १ जून २०२० पासून उघडण्यास आरंभ झाला. तो कोणत्या क्रमाने झाला? ज्याचा आवाज मोठा त्याचे दार आधी, असे आम्हांस दिसले. बाजारपेठा व कारखाने यांना बोलणारी मंडळे आहेत. त्यांची निवेदने जातात, शिष्टमंडळे जातात. ते गैर आहे असे आम्ही म्हणत नाही. कारखाना उघडला म्हणून तर आमच्या घरी चूल पेटली. परंतु शहर बसला मंडळ नाही. वाचनालयाला मंडळ नाही. चौथीतल्या मुलाला तर नाहीच नाही.

बसचेच पाहा. उधना दरवाजापासून सचिनपर्यंत स्वतंत्र मार्गावरून धावणारी बस आमच्या भागाची रक्तवाहिनी आहे. ज्याच्या घरी मोटार आहे त्याला बस बंद असल्याचे चार दिवस कळतही नाही. ज्याच्याजवळ सायकलही नाही, त्याचा कारखाना उघडला आणि बस उघडली नाही, तर त्याच्यासाठी कारखाना उघडला असे कसे म्हणावे? तो माणूस मग रिक्षात पाच जणांबरोबर दाटीवाटीने बसून जातो. म्हणजे गर्दी टाळण्यासाठी बस थांबवावी आणि गर्दी रिक्षात कोंबावी, असा हा हिशेब! बस निम्मी भरून व दुप्पट फेऱ्या करून चालविणे खर्चाचे आहे हे आम्ही जाणतो. पण रस्ते उजळण्यास जसा नफा पाहत नाहीत, तसा येथेही पाहू नये.

वाचनालयाची गोष्ट याहून नाजूक आहे. घोडदोड रोडवरील कवी नर्मद मध्यवर्ती ग्रंथालय महानगरपालिका चालविते. ज्यांना स्वतंत्र अभ्यासिका आहे त्यांना वाचनालय म्हणजे पुस्तके मिळण्याची जागा. एका खोलीत राहणाऱ्यास ती प्रथम एक टेबल, एक दिवा व दोन तासांची शांतता असते. पुस्तके मिळणे त्यानंतरचे. अशा जागांना करमणुकीच्या स्थळांच्या यादीत घालून बागा, तरणतलाव यांच्याबरोबर कुलूप लावण्याची व त्यांच्याच पाठोपाठ उघडण्याची जी रीत सर्वत्र दिसली, ती आम्हांस मान्य नाही.

आणि शाळा! येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे की शाळा उघडण्याचा निर्णय राज्य सरकारचा होता, महानगरपालिकेचा नव्हे. तारखा मात्र विसरण्यासारख्या नाहीत. दहावी-बारावीचे वर्ग ११ जानेवारी २०२१ रोजी उघडले. सहावी ते आठवीचे १८ फेब्रुवारीस. त्यानंतर तीनच दिवसांनी, २१ फेब्रुवारीस, महानगरपालिकेच्या निवडणुकीचे मतदान झाले. आईबाप शाळांच्या इमारतींत रांगेने गेले व बोटाला शाई लावून आले. त्याच इमारतींतील पहिली ते पाचवीचे वर्ग उघडण्यास २२ नोव्हेंबर २०२१ उजाडला! मध्यंतरी दुसरी लाट येऊन गेली व तिने केलेला संहार भयंकर होता, हे खरे. तो काळ आम्ही या हिशेबात धरीतही नाही. पण लाटेपूर्वी जी इमारत मतपेटीसाठी उघडू शकली आणि लाटेनंतर उन्हाळा सरल्यावर जेथे बाजार, उपाहारगृहे व नाटकगृहे उघडू शकली, त्या शहरात लहान मुलांचा वर्ग सर्वांच्या शेवटी का, याचे समाधानकारक उत्तर आम्हांस आजवर मिळालेले नाही. सुरतेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराती, मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, उडिया व तेलुगू अशा सात माध्यमांतून शाळा चालविते. या शाळांतील मुलांच्या घरी भ्रमणध्वनी असला तर एक, आणि तो वडिलांबरोबर कामावर गेलेला. आमच्या शेजारची दुसरीतील एक मुलगी त्या दीड वर्षात जोडाक्षरे विसरली; पाचवीत गेल्यावरही ‘प्र’ वाचताना अडखळत असे. तिच्याकडे मोठ्या आवाजाचे शिष्टमंडळ नव्हते.

यावर कोणी म्हणेल, घाईने उघडल्याचे फळ सुरतेने चाखले नाही काय? चाखले. हिऱ्याच्या कारखान्यांत एका घंटीभोवती चार-चार कारागीर बसतात. जून २०२० मध्ये हे कारखाने सुरू झाले, कतारगाम-वराछा भागांत रुग्ण झपाट्याने वाढले आणि जुलैत पुन्हा काही दिवस टाळे लावावे लागले. हे उदाहरण आमच्या विरुद्ध आहे असे प्रथमदर्शनी वाटते. आमच्या मते ते आमच्याच बाजूचे आहे. दार उघडले, पण आतली बैठक बदलली नाही, हवा खेळती केली नाही. १९९४ साली शहर जसे ‘होते तसे’ उघडले तसाच हा प्रकार. ज्या सेवेला उघडताना बैठक बदलता येते ती आधी उघडावी. वर्ग दोन पाळ्यांत भरविता येतो, अंगणात भरविता येतो. घंटी अंगणात नेता येत नाही.

दुसरी गोष्ट विश्वासाची. १८९७ साली पुण्यास प्लेग आला तेव्हा रँडसाहेबाच्या समितीने सोजिरांकरवी घरे झडतीला घेतली, देवघरात बूट शिरले, आणि २२ जून १८९७ च्या रात्री त्याचा शेवट गणेशखिंडीत कसा झाला ते इतिहासाच्या पुस्तकात आहे. त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी हडपसरजवळ आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्ण आणून त्यांची शुश्रूषा केली व त्याच आजाराने १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. एकच शहर, एकच रोग. एकाला पाहून लोक रुग्ण लपवीत, दुसरीकडे रुग्ण नेऊन पोहोचवीत. २०२० साली जो कायदा लावला तो १८९७ चाच होता. कायदा सव्वाशे वर्षे टिकला याचे आम्हांस आश्चर्य वाटत नाही. त्याच्याबरोबर दाराशी येणाऱ्या माणसाने लोकांच्या भाषेत बोलावे एवढीच अपेक्षा आहे. आमच्या वस्तीत गुजराती पाटी न वाचता येणारी म्हातारी माणसे आहेत. दवाखाना कोणत्या वेळी उघडा, बस कोणत्या दिवसापासून, लसीची रांग कोठे, हे त्यांना शेजारच्या शाळकरी पोराकडून कळे, आणि पोराकडून कळलेले अर्धे चुकलेले असे.

म्हणून आमचे मागणे असे आहे. पुढची साथ येईल तेव्हा विचार करण्यास वेळ नसेल. क्रम आजच ठरवावा. दवाखाने व लसीकरण, त्यानंतर बस, त्याच्या बरोबरीने लहान मुलांचे वर्ग व वाचनालयाचे टेबल, आणि मग बाकीचे. हा क्रम आम्ही सुचविला म्हणून बरोबरच असेल असा आमचा हट्ट नाही. तज्ज्ञांनी तो पालटावा, नगरसेवकांनी सभेत त्यावर भांडावे. पण ठरलेला क्रम कागदावर यावा, आणि तो कागद मुख्य कचेरीच्या कपाटात न राहता लिंबायतच्या व उधन्याच्या विभागीय कचेरीच्या दाराबाहेरील फळ्यावर, गुजरातीबरोबर मराठीतही, लागावा. मराठी मजकूर लिहून देण्यास व त्याचे शुद्धलेखन तपासण्यास आमच्या शाळेतील मुले मोबदल्याशिवाय तयार आहेत.