समिती गावात, पालक फडावर

आमच्या भागात शिक्षक कुठवर पोहोचू शकतो, हे सांगताना डॉ. जनार्दन वाघमारे यांचं नाव हमखास निघतं. इंग्रजीचे प्राध्यापक, लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य, 1994 साली नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, पुढे लातूरचे नगराध्यक्ष आणि 2008 ते 2014 राज्यसभेचे खासदार. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा अभ्यासक नगरपालिकेच्या नळ-गटारांत उतरला, याचं मला त्यांच्या पदांपेक्षा जास्त अप्रूप वाटतं.

20 जुलै 2009 रोजी राज्यसभेनं शिक्षण हक्काचं विधेयक मंजूर केलं, तेव्हा सर त्या सभागृहात सदस्य होते. त्यातल्या एकविसाव्या कलमानं शाळा व्यवस्थापन समिती आणली. तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. कलम चांगलंच आहे. पण ते कंधार-मुखेड-जळकोटच्या पंचांगावर एकदा ठेवून बघा.

सोयाबीन निघालं की ऊसतोडीच्या टोळ्या हलतात. मुकादम उचल देतो ती जोडप्याला, त्यामुळे समितीतला बाप जातो तशी समितीतली आईही जाते. मुलं मागं राहून शिकावीत म्हणून हंगामी वसतिगृहं आहेत, आणि ती चालवायची कुणी, तर याच समितीनं! म्हणजे ज्यांच्या लेकरांच्या जेवणाचा हिशेब तपासायचा, तेच पालक दोनशे कोसांवर फडात. इतिवृत्ताच्या वहीत सह्या मात्र पूर्ण. टोळ्या निघण्याआधी कोऱ्या पानावर अंगठे घेऊन ठेवायचे, एवढी सोय सगळ्यांना ठाऊक असते.

हे सगळ्यात आधी कळतं ते मुख्याध्यापकाला, कारण समितीचा सदस्य सचिव तोच. कोणतं घर कधी जाणार, कोणती मुलगी धाकट्या भावाला सांभाळायला सोबत नेणार, हे त्याला तोंडपाठ. त्याला कुणी विचारत नाही. प्रशिक्षणात त्याच्याकडून कृती संशोधन करून घेतात, ते स्पायरल बाइंडिंग होऊन कपाटात जातं. लातूर पॅटर्नवर आपण तासन्‌तास बोलतो, पण तो सुरू होतो अकरावीपासून; पाचवीत गळालेलं पोर तिथवर पोहोचतच नाही.

धोरणाच्या टेबलाशी बसायला शिक्षकानं आधी वर्ग सोडावा, कुलगुरू नाहीतर खासदार व्हावं, हा रिवाज मला मान्य नाही. वाघमारे सरांसारखी माणसं पिढीत एखादी होतात. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला वर्षभराची पगारी अभ्यासरजा द्या, आपल्याच तालुक्याच्या स्थलांतरावर लिहू द्या आणि त्याच शाळेत परत पाठवा. आणि ते होईतो एवढं तरी करा: वसतिगृहाची यादी आणि मंजुरी टोळ्या हलण्याआधी, सप्टेंबरातच, आईबाप समोर बसलेले असताना उरका.