टिळकांचा अर्धा वारसा

मुकुंदराज-दासोपंतांच्या या अंबाजोगाईत कीर्तन कुणाला शिकवावे लागत नाही. चर्चमध्ये ते रुजविण्यासाठी मात्र कविवर्य ना. वा. टिळकांना झिजावे लागले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात ओतली. विलायती चालींना सरावलेल्या मंडळ्या ती गाणी आजही गातात. पण माझ्या मते हा बदल त्यातल्या त्यात सोपा! १९१७ मध्ये मिशन सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला; बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तिथे ख्रिस्तशिष्य म्हणून स्थान होते. १९१९ मध्ये टिळक वारले आणि दरबारही फार काळ टिकला नाही. मागच्या बाकावर नेमाने येऊन बसणारा असा भाविक मंडळीला अजूनही पाहुणाच वाटतो. त्याला शिष्य म्हणायला काय हरकत आहे?