बिनव्याजी आहे तोवरच फेडा

जुलै हा ब्रिटनमध्ये पदवीदानाचा महिना. लंडन, बर्मिंगहॅम, मँचेस्टरमधल्या मराठी घरांतली मुलंही या दिवसांत झगा-टोपी घालून आईबाबांसोबत फोटो काढतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या खात्यावर तेव्हा उणे 1,500 पौंड शिल्लक असते आणि घरी त्याचा पत्ता नसतो.

ही मुलं उधळी आहेत असं मी मानत नाही. इंग्लंडमध्ये राहण्याखाण्यासाठीचं सरकारी कर्ज वर्षात तीन हप्त्यांत मिळतं आणि घरभाडं काही थांबत नाही. अशा ओढाताणीसाठीच बँका विद्यार्थी खात्यावर बिनव्याजी ओव्हरड्राफ्ट देतात. काही बँका त्याची मर्यादा वाढवत 3,000 पौंडांपर्यंत नेतात. अडीनडीला तो वापरण्यात गैर काही नाही. मात्र तीन वर्षांत उणे शिल्लकीची सवय होते आणि मर्यादेतली उरलेली रक्कम आपलीच वाटू लागते. तिथून धोका सुरू होतो.

पदवीनंतर खातं ग्रॅज्युएट खातं होतं. बिनव्याजी मर्यादा दरवर्षी खाली येते आणि साधारण दोन-तीन वर्षांत संपते. मग इतर ग्राहकांचाच दर लागतो. एप्रिल 2020 मध्ये एफसीए या नियामक संस्थेने ओव्हरड्राफ्टवरचे ठरावीक आकार बंद करून एकच वार्षिक व्याजदर सक्तीचा केला, तेव्हा बहुतेक मोठ्या बँकांनी तो 40 टक्क्यांच्या आसपास नेला. त्या दराने 1,500 पौंड वर्षभर तसेच राहिले, तर सुमारे 600 पौंड नुसत्या व्याजात जातात.

म्हणून पहिल्या पगारापासूनच फेड सुरू करावी. पगार जमा झाला की खातं वर येतं, भाडं गेलं की पुन्हा खाली. नुसत्या निर्धाराने हा फेरा सुटत नाही. त्यापेक्षा बँकेला सांगून मर्यादाच दरमहा 50 पौंडांनी कमी करून घ्यावी. 30 महिन्यांत 1,500 पौंड फिटतात. आपली बिनव्याजी मुदत त्याआधी संपत असेल, तर हप्ता वाढवावा. क्रेडिट कार्डावर व्याज चढत असेल, तर आधी ते फेडावं. सरकारी शैक्षणिक कर्ज आगाऊ फेडण्याची घाई मात्र नको. त्याचा हप्ता ठरावीक उत्पन्नाच्या वरच्या कमाईवर 9 टक्के असा पगारातूनच कापला जातो आणि ठरलेल्या वर्षांनंतर उरलेलं कर्ज माफ होतं. बँकेचं कर्ज असं माफ होत नाही.

हप्ता झेपत नसेल, तर गप्प बसू नये. बँकेशी बोलावं. विद्यापीठात शिकत असाल, तर तिथल्या अडचण निधीसाठी अर्ज करावा. स्टेपचेंज ही संस्था मोफत सल्ला देते. इंग्लंड आणि वेल्समध्ये सल्लागारामार्फत ‘ब्रीदिंग स्पेस’ मिळू शकते, म्हणजे पात्र कर्जांवरचं व्याज आणि वसुली 60 दिवस थांबते.

आईबाबांनाही एक विनंती. आपल्याकडे कर्ज म्हटलं की आधी अब्रू आठवते, म्हणून मुलं लपवतात आणि लपवण्यात बिनव्याजी महिने वाया जातात. या आठवड्यात मुलांजवळ बसा, न रागावता दोनच गोष्टी विचारा: उणे किती आहे आणि बिनव्याजी मुदत कधी संपते? उत्तरं कागदावर लिहा आणि महिन्याचा हप्ता त्याच बैठकीत ठरवा.