सॅडलची बैठक

ध्वनिवर्धकाला जोडलेल्या अकूस्टिक बास गिटारची एखादी तार उरलेल्या तिघींच्या मानाने क्षीण ऐकू येऊ लागली, की तिची फिर्याद सभागृहाच्या मागे बसलेल्या साउंडवाल्याकडे न्यायची, हा जो प्रघात पडला आहे तो मला मुळातच गैर वाटतो. ई तारेचा मूलस्वर सुमारे ४१ हर्ट्झ आणि जी तारेचा ९८ हर्ट्झ, म्हणजे दोघींत सव्वा सप्तकाचे अंतर असले, तरी चौघींचे स्वर आणि उपस्वर एकमेकांत मिसळूनच एका वायरीने त्याच्या हाती येतात. तेव्हा ईक्वलायझरची बटणे फिरवून एकीस उचलावे आणि शेजारणीस धक्का लागू देऊ नये, हे त्याच्या अखत्यारातले कामच नव्हे. कॉम्प्रेसरने मोठ्या तारांचे तोंड तेवढे दाबले जाते, आणि वादकाच्या बोटांतील हलक्या-भारी आघातांचा विवेक त्याबरोबर बुडतो.

दोषाचे मूळ वाद्यातच शोधावे. १९७२ साली कॅलिफोर्नियातील अर्नी बॉल यांनी बाजारात आणलेल्या ‘अर्थवूड’ बासचे पोट चांगलेच अवाढव्य होते. पुढील कारागिरांनी ते आटोपशीर केले आणि आवाजाचा भार बहुतांशी पिकअपवर टाकला. हा पिकअप बहुधा सॅडलखालच्या, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्याखालच्या, खाचेत बसवलेली पिझो पट्टी असते. विशिष्ट स्फटिकांवर दाब पडताच त्यांत विद्युद्भार उत्पन्न होतो, हे प्येअर आणि जाक क्युरी या बंधूंनी १८८० साली दाखवून दिले. त्याच न्यायाने, तार कितीही जोमाने कंप पावत असली, तरी तिच्याखाली सॅडलचा तळ केसभर अधांतरी असेल, खाचेत भुशाचा कण अडकला असेल, किंवा सॅडल इतके घट्ट ठोकलेले असेल की ते खाली दबूच शकत नाही, तर ती तार अँपपुढे मुकी होते. वाद्य अँपविना वाजवून पाहावे. तेथे चारही तारा समतोल असतील, तर चौकशीचा रोख निःशंकपणे सॅडलच्या या बैठकीकडे वळवावा.

सपाट काचेवर सॅन्डपेपर चिकटवून, सॅडल काटकोनात धरून, त्याचा तळ हलक्या हाताने घासावा. बेताने, कारण सॅडल प्रमाणाबाहेर उतरले की तारा फ्रेटवर खरखरू लागतात. खाचेचाच तळ वाकडा असल्यास मात्र काम कुशल कारागिराच्या स्वाधीन करावे. कमजोर तारेखाली कागदाचा कपटा सरकवण्याची युक्ती दोषाची जागा सिद्ध करण्यापुरती मला मान्य आहे. तिला दुरुस्ती म्हणणे ही शुद्ध मखलाशी होय. चुंबकीय पिकअप असल्यास प्रकरण निराळे: ब्राँझचे वेष्टण चुंबकास जाणवत नाही, म्हणून तेथे निकेल वा पोलादी वेष्टणाच्या तारा चढवाव्या.

तंबोऱ्याची जवारी उतरली म्हणून मायक्रोफोनवाल्यास जाब विचारणारा गवई आपल्याकडे आढळणार नाही. तो वाद्य घेऊन मिरजेची वाट धरतो, आणि तेथील कारागीर घोडीची पाठ घासून तिला पुन्हा बोलती करतो. गिटारच्या दुकानांत ही दृष्टी अद्याप रुजलेली नाही. वाद्याच्या कुशीत बसवलेल्या प्रीअँपच्या गुणांची बखर वाचून दाखवण्यापूर्वी विक्रेत्याने ते वाद्य अँपला जोडावे, बटणे मध्यावर ठेवावी, चारही तारा एकाच जोराने छेडून दाखवाव्या. आणि एवढे झाल्यावाचून गिऱ्हाइकाने पैसे मोजू नयेत.