कामगार दिन आणि आठ तासांचा विसर

महाराष्ट्रात १९६० पासून १ मे ही तारीख राज्याच्या स्थापनेशी जोडली गेली आणि ध्वजवंदन व संचलनाच्या गजरात कामगार दिनाचे मूळ प्रयोजन झाकोळले गेले. ते प्रयोजन होते कामाचे तास आठ करण्याचे. १ मे १८८६ रोजी अमेरिकेत लाखो कामगारांनी याच मागणीसाठी संप पुकारला. ४ मे रोजी शिकागोच्या हेमार्केट चौकातील सभेच्या वेळी बॉम्बस्फोट झाला. त्या खटल्यात १८८७ मध्ये चौघांना फाशी देण्यात आली. १८८९ च्या पॅरिस परिषदेने १ मे हा आंतरराष्ट्रीय निदर्शनांचा दिवस ठरविला. खुद्द अमेरिकेने मात्र १८९४ मध्ये सप्टेंबरातील पहिल्या सोमवारची सुट्टी पत्करली.

भारतात १९२३ मध्ये सिंगारवेलू चेट्टियार यांनी मद्रासला पहिला मे दिन साजरा केला. मुंबईतील लढ्याची परंपरा त्याहून जुनी. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली.

त्याच महाराष्ट्रात २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असे समर्थन केले जाते. परंतु कंत्राटी कामगाराला नकार देण्याचे स्वातंत्र्य कितपत असते? ते नसेल, तर संमती कागदावरच राहते. सुट्टी टिकली आणि जिच्यासाठी संघर्ष झाला ती मर्यादाच गेली, तर १ मे हा केवळ दिनविशेष उरेल.